पहारेकऱ्यावर पहारा : न्हावा-शेव्याचा धडा

१/
मंगळवार, २७ जून २०१७. नवीन पनवेलच्या पश्चिमेस असलेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. धक्का शाबूत होता, क्रेन शाबूत होत्या. तरीही पेट्या हलेनात. कोणता कंटेनर कोणाचा, तो कोणत्या थप्पीत आहे आणि कोणत्या जहाजावर चढवायचा आहे, हे सांगणारे संगणकच मुके झाले होते.

२/
आजच्या जवळजवळ प्रत्येक संगणकात एक पहारेकरी अंगभूत असतो. तो येणारी प्रत्येक फाइल तपासतो आणि संशयिताला अडवतो. परंतु घुसखोराने प्रथम त्या पहारेकऱ्यालाच गप्प केले असेल तर? ‘सर्व काही ठीक’ हा त्याचा हिरवा दाखला मग कितपत खरा मानावा? हा धागा या प्रश्नाच्या सुमारे चार दशकांच्या इतिहासाचा आहे.

३/
पनवेलला दाराचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. घाटावरचा माल बोरघाटाने उतरून पनवेलच्या खाडीतून मुंबईला जात असे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि ही वर्दळ वाढली. येथील नगरपालिका १८५२ सालची. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि होड्यांची जागा कंटेनरांनी घेतली. पळस्पे आणि कळंबोली येथून बंदराकडे धावणारे ट्रेलर हे त्याच जुन्या व्यापाराचे आजचे रूप.

४/
या वाटेवर नजर ठेवणारा कर्नाळा पनवेलपासून जवळच आहे. शिवकालीन गडांच्या व्यवस्थेविषयी सभासद बखरीत एक मार्मिक तत्त्व आढळते. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी नेमले जात आणि तिघांचा दर्जा सारखा असे. एकट्याच्या हाती गड नसे. एक फितूर झाला तरी उरलेले दोघे शाबूत राहावेत, हा त्यामागचा हेतू. पहारेकऱ्यावरही पहारा हवा, हे त्या काळी पुरते उमगले होते.

५/
संगणकाच्या जगाला हे तत्त्व ठेचा खात शिकावे लागले. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. वैयक्तिक संगणकांवर पसरलेल्या पहिल्या विषाणूंपैकी तो एक. फ्लॉपीच्या ज्या भागातून संगणक सुरू होतो, तेथेच तो ठाण मांडी. कोणी तो भाग तपासू लागले की ब्रेन मूळ निर्दोष मजकुराची प्रत पुढे करी. तपासनीसाला दिसे ते सारे स्वच्छच.

६/
भारतातही अशी उदाहरणे घडली. १९९० मध्ये प्रथम भारतात आढळलेला ‘जोशी’ विषाणू जगभर पसरला. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. प्रकार गमतीचा वाटला तरी त्याचे मर्म गंभीर होते. यंत्राचा ताबा सुरुवातीच्या क्षणीच घेतला, तर नंतर येणारा प्रत्येक कार्यक्रम विषाणूच्या मेहरबानीवर चालतो.

७/
यावर त्या काळच्या जाणकारांनी एक साधा उपाय काढला. संशयित यंत्र पूर्ण बंद करायचे, मग लिहिण्यास कुलूप असलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून ते सुरू करायचे आणि त्यानंतरच डिस्क तपासायची. विषाणू डिस्कवर असे, पण जागा नसे. त्यामुळे त्याला खोटे दाखवता येत नसे. घराची झडती घ्यायची तर बाहेरून आलेल्या माणसाने घ्यावी, ही तपासाची पहिली पायरी येथे ठरली.

८/
याच सुमारास पुण्यात एक वेगळीच वाट घडत होती. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक यंत्रांचा आजार सुट्या भागांत नसून विषाणूंत होता. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढण्याची साधने लिहिली. त्यांतून १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. महाराष्ट्रातला हा उद्योग दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

९/
अंगभूत पहारेकऱ्याची कल्पनाही त्याच काळातली. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या सहाव्या आवृत्तीसोबत विषाणू शोधणारा कार्यक्रम दिला. तो सेंट्रल पॉइंट या कंपनीकडून घेतलेला होता. त्याचा एक भाग स्मृतीत बसून सतत लक्ष ठेवी. दुसरा भाग प्रत्येक कप्प्यात फाइलींच्या खुणांची एक नोंदवही ठेवी. फाइल बदलली की खूण जुळत नसे आणि इशारा मिळे.

१०/
व्यवस्था चांगली होती, परंतु ती सर्वांना ठाऊक होती. स्मृतीतल्या पहारेकऱ्याला एक ठरावीक संकेत दिला की तो निमूटपणे उठून जाई. विषाणू लिहिणाऱ्यांनी तो संकेत आपल्या विषाणूंत घातला. खुणांच्या नोंदवहीचे नावही सर्वत्र एकच होते. मग विषाणू आधी ती वहीच पुसू लागले. पहारेकरी लाखो यंत्रांवर सारखाच असेल तर त्याला चुकवण्याची युक्तीही एकदाच शोधावी लागते.

११/
पुढील दशकात मायक्रोसॉफ्टने पुन्हा प्रयत्न केला. डिसेंबर २००४ मध्ये तिने ‘जायंट’ ही कंपनी घेतली आणि तिच्या साधनातून २००६ मध्ये विंडोज डिफेंडर सिद्ध झाला. मात्र विंडोज ७ मधला डिफेंडर केवळ हेरगिरी करणारे कार्यक्रम शोधत असे. पूर्ण विषाणूरोधक अंगभूत मिळाला तो २०१२ च्या विंडोज ८ मध्ये. नाव एकच असले तरी दोघांच्या कुवतीत मोठे अंतर होते. जुन्या यंत्रांवर विसंबणाऱ्या अनेकांना त्या अंतराची कल्पनाच नव्हती.

१२/
दरम्यान नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कॉन्फिकर’ आला. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच, २३ ऑक्टोबरला दिली होती. ती न बसवलेली लाखो यंत्रे बळी पडली. आत शिरताच कॉन्फिकर विंडोज अपडेट बंद करी, सुरक्षा केंद्र बंद करी, डिफेंडर बंद करी आणि विषाणूरोधक कंपन्यांच्या संकेतस्थळांची वाट अडवी. चोराने घरात शिरताच आधी कुत्र्याला बांधावे, तसे हे होते.

१३/
त्यावर संशोधक जो स्टुअर्ट यांनी योजलेली परीक्षा आजही आठवावी अशी आहे. त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यासारखे एक पान केले. एका रांगेत सुरक्षा संस्थांची चिन्हे आणि दुसऱ्या रांगेत इतर निरुपद्रवी संकेतस्थळांची. दुसरी रांग दिसते, पण पहिली दिसत नाही, असे झाले तर यंत्र बाधित असण्याची दाट शक्यता. विषाणू शोधण्याऐवजी त्याने काय झाकले आहे, ते शोधायचे. पहारेकऱ्याचे मौन हाच येथे पुरावा ठरला.

१४/
आता २०१७ कडे. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर भगदाडाची दुरुस्ती दिली. १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने त्याच भगदाडाचा वापर करणारे ‘इटर्नलब्लू’ हे अस्त्र उघड केले. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे असल्याचे मानले जाते. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने जगाला हादरा दिला. त्यानंतर २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला.

१५/
नॉटपेट्याने घुसण्यासाठी दार फोडले नाही. युक्रेनमधील अनेक कंपन्या कराच्या हिशेबासाठी ‘मेडॉक’ नावाचा कार्यक्रम वापरीत. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवले. जे अपडेट सुरक्षेसाठी घ्यायचे, तेच वैऱ्याचे वाहन झाले. आत शिरल्यावर तो स्मृतीतून प्रशासकांचे परवलीचे शब्द उचली आणि त्यांच्याच नावाने शेजारच्या यंत्रांत शिरे. परवलीचा शब्द बरोबर असेल, तर देवडीवरचा शिपाई कोणाला आणि कशासाठी अडवणार?

१६/
आणखी एक तपशील महत्त्वाचा. नॉटपेट्या आत शिरताच पाहत असे की यंत्रावर पहारेकरी कोण आहे. कॅस्परस्की किंवा नॉर्टनचे कार्यक्रम चालू दिसले तर तो आपली वागणूक बदली. आपल्या हालचालींच्या नोंदी पुसी. मग साधारण तासाभरात यंत्र पुन्हा सुरू होई आणि पडद्यावर ३०० डॉलरच्या खंडणीची मागणी झळके. खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच नव्हती. खंडणी हा मुखवटा होता, हेतू विध्वंसाचा होता.

१७/
डेन्मार्कच्या मर्स्क या नौवहन कंपनीच्या जाळ्यात तो शिरला आणि काही तासांत खंडोखंडी पोहोचला. न्यू जर्सीपासून रॉटरडॅमपर्यंत तिची टर्मिनले अडली. न्हावा-शेव्याचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स आणि भारतीय रेल्वेशी संलग्न कॉनकॉर यांचे संयुक्त टर्मिनल. म्हणून युक्रेनवर सोडलेला बाण रायगड जिल्ह्यात येऊन लागला. येथील कोणाचे त्या भांडणाशी काहीही देणेघेणे नव्हते.

१८/
केंद्रीय नौवहन मंत्रालयाला निवेदन द्यावे लागले. टर्मिनलवर हाताने नोंदी करून काम रेटण्याचा प्रयत्न झाला. पण हजारो पेट्यांचे गणित वहीत मांडण्याचा वेग तो किती असणार? एका पेटीत कोणाची द्राक्षे असतात, कोणाचे कापड, कोणाच्या कारखान्याचा सुटा भाग. संगणकाच्या पडद्यावरचा अंधार शेवटी रस्त्यावर थांबलेल्या ट्रेलरचालकाच्या दिवसभराच्या मजुरीपर्यंत पोहोचतो. म्हणून या इतिहासाला केवळ तंत्रज्ञांचा इतिहास म्हणता येत नाही.

१९/
मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. जाळ्याची मूळ नोंदवही ठेवणारे सर्व्हर जगभर नष्ट झाले होते. वाचला तो फक्त घानामधला एक. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्याबाहेर होता. त्या एका प्रतीवरून सारे पुन्हा उभे राहिले.

२०/
घानाच्या या योगायोगात जुन्या फ्लॉपीचेच तत्त्व आहे. जे बाधित जाळ्याच्या बाहेर, तेच विश्वासाचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. रशियाने आरोप फेटाळले.

२१/
पहारेकऱ्याला गप्प करण्याऐवजी त्याचा तोतया उभा करण्याचा प्रकारही महाराष्ट्राने पाहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. एटीएममधील प्रत्येक मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीकडून मंजूर व्हावी लागते. चोरांनी मध्येच एक बनावट प्रणाली बसवली. ती प्रत्येक मागणीला परस्पर ‘होय’ म्हणत राहिली आणि २८ देशांतील यंत्रांतून पैसे निघत राहिले. खऱ्या पहारेकऱ्यापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही.

२२/
उलट दिशेचा धडाही हवा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्य सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन १४ ट्रोजन हॉर्सचा संशय मांडला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र वीज जाण्याचे कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. संसर्गाची खूण सापडणे आणि घटनेचे कारण सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद चांगलाच परिचित असतो.

२३/
न्हावा-शेव्याला दुसरा फटका फेब्रुवारी २०२२ मध्ये बसला. या वेळी बंदर प्राधिकरणाच्या स्वतःच्या टर्मिनलची माहिती प्रणाली खंडणीखोर विषाणूने गाठली. जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. २०१७ ची घटना एकवेळची आपत्ती नव्हती, हे त्यातून स्पष्ट झाले.

२४/
मग आपल्या घरच्या यंत्राच्या पहारेकऱ्याची परीक्षा कशी घ्यावी? इतिहासाने तीन प्रश्न हाती दिले आहेत.
पहिला : तो जागा आहे काय? आपण बंद न करता तत्क्षण संरक्षण बंद दिसणे, विषाणूंच्या ओळखयादीची तारीख जुनी असणे, अपडेट वारंवार फसणे, सुरक्षा संस्थांचीच संकेतस्थळे न उघडणे, या कॉन्फिकरच्या काळापासूनच्या खुणा. मात्र दुसरा विषाणूरोधक बसवला असेल तर डिफेंडर आपणहून बाजूला होतो. ते दुखणे नव्हे.

२५/
दुसरा प्रश्न : त्याचे हुकूम कोणी बदलले आहेत काय? डिफेंडरमध्ये ‘अपवाद’ नावाची यादी असते. त्यातील जागा तो तपासत नाही. आपण न घातलेला अपवाद तेथे दिसला तर तो चोरवाटेसारखा समजावा. ‘ही सेटिंग प्रशासकाच्या नियंत्रणात आहे’ हे वाक्य कार्यालयीन यंत्रावर स्वाभाविक, घरच्या यंत्रावर संशयास्पद. पहारेकऱ्याचे हुकूम परस्पर बदलले जाऊ नयेत म्हणून २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ आले. ते चालू आहे ना, हे पाहावे.

२६/
तिसरा प्रश्न : बाहेरचा साक्षीदार काय सांगतो? डिफेंडरच्या ऑफलाइन तपासणीत विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच डिस्क तपासली जाते. स्वच्छ फ्लॉपीचाच हा वारसा. शिवाय ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते. जागा पहारेकरी तिला लगेच हटकतो. रात्री गस्तवाल्याने चौकीला हाक द्यावी, तशी ही हाक. प्रतिसाद आला नाही तर यंत्र जाळ्यातून वेगळे करावे आणि जाणकाराला दाखवावे.

२७/
मात्र हाकेला ओ मिळाली म्हणजे गड निर्धोक, असेही नाही. नॉटपेट्या खऱ्या परवलीने शिरला होता. म्हणून वेळेवर घेतलेल्या दुरुस्त्या, प्रशासकाच्या अधिकारांची काटकसर आणि यंत्रापासून तोडून ठेवलेली माहितीची प्रत हे तिन्ही लागतात. हवालदार, सबनीस, सरनोबत यांच्यासारखेच. एकावर सारी भिस्त ठेवली तर त्या एकाचे पडणे म्हणजे गडाचे पडणे.

२८/
१९९३ चा संकेत ऐकून उठून जाणारा पहारेकरी आणि आजचा डिफेंडर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बदलली नाही ती एकच गोष्ट : घुसखोराची पहिली नजर नेहमी पहारेकऱ्यावर असते. आपलीही पहिली नजर त्याच्यावरच असावी.

#इतिहास #पनवेल #न्हावाशेवा #धागा